ताप उतरतो, कंबर दुखतच राहते: आनुवंशिक तापाच्या आजारांतला कण्याचा आणि सांध्यांचा दाह

काही घराण्यांत ताप वारशाने येतो. जंतूंचा संसर्ग नसतो, कुठली साथ नसते, तरी दर काही आठवड्यांनी अंग तापतं, पोटात किंवा छातीत असह्य दुखतं, दोन-तीन दिवसांत सगळं ओसरतं आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. यांना आवर्ती तापाचे आनुवंशिक आजार म्हणतात. त्यांच्याबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक तापाबद्दल आणि पोटदुखीबद्दल असतं. मला या लेखात अशा रुग्णांच्या कमरेबद्दल आणि सांध्यांबद्दल सांगायचं आहे. तापाचा झटका ओसरल्यावरही जी कंबर आठवडेच्या आठवडे दुखत राहते, तिला त्या झटक्याच्या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही. तो कण्याचा सलग चालणारा दाह असू शकतो. त्याच्या तपासण्या निराळ्या आहेत आणि औषधंही.

या आजारांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर, अर्थात एफएमएफ. भूमध्य समुद्राच्या पूर्व काठाभोवतीच्या समाजांत तो पिढ्यानपिढ्या दिसतो: तुर्की, आर्मेनियन, अरब, आणि उत्तर आफ्रिकेतून आलेले ज्यू. तुर्कस्तानात साधारण हजार माणसांमागे एकाला हा आजार असतो. पहिला झटका बहुतेकांना विशीच्या आत येतो. ताप, पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह, कधी फुप्फुसाच्या आवरणाचा, कधी एखादा सुजलेला सांधा, कधी पावलाच्या वर लालभडक तापलेली कातडी. झटका १२ तासांपासून ३ दिवसांपर्यंत टिकतो. पोट इतकं दुखतं की निदान होण्याआधीच अनेकांचं अपेंडिक्स काढलं गेलेलं असतं.

आजाराचं मूळ १९९७ साली सापडलं. दोन आंतरराष्ट्रीय गटांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे, १६ व्या गुणसूत्रावरचं एमईएफव्ही हे जनुक शोधलं. या जनुकापासून पायरिन नावाचं प्रथिन तयार होतं. आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही प्रती सदोष मिळाल्या की साधारणपणे आजार होतो. मात्र एकच सदोष प्रत असूनही लक्षणं दिसणारे रुग्ण आहेत. सदोष प्रतींचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतला एम६९४व्ही हा प्रकार लक्षात ठेवायला हवा, कारण सांधे, कणा आणि किडनी या तिन्हींच्या गोष्टीत तो पुन्हा पुन्हा येतो.

पायरिन शरीरात काय करतं?

पायरिन हे पांढऱ्या पेशींमधलं राखणदार प्रथिन आहे, पण त्याची राखण करण्याची रीत वेगळी आहे. ते जंतूला थेट ओळखत नाही. पेशीच्या आत आरएचओए नावाचं एक छोटं प्रथिन असतं. पेशीचा आकार, तिची हालचाल, जंतूला गिळण्याची ताकद हे सगळं बऱ्याच अंशी त्याच्यावर चालतं. काही जीवाणूंची विषं नेमकी या आरएचओएला बंद पाडतात. पायरिनची नजर असते ती या घातपातावर.

आरएचओए चालू असतं तोवर त्याच्या हाताखालची विकरं पायरिनवर फॉस्फेटचे कण चिकटवत राहतात आणि तेवढ्याने पायरिन जखडलेलं राहतं. आरएचओए बंद पडलं की हे कण निघून जातात, पायरिन मोकळं होतं आणि इतर प्रथिनांना जमवून इन्फ्लमसोम नावाची रचना उभी करतं. तिच्यातून कॅस्पेस-१ हे विकर जागं होतं. ते आयएल-१ बीटा आणि आयएल-१८ हे दाह पेटवणारे रेणू कापून तयार करतं. ताप चढतो, पांढऱ्या पेशी धावत येतात, आवरणं सुजतात. खरा जंतू आत शिरलेला असताना हे सगळं जीव वाचवतं. एफएमएफमध्ये पायरिनवरचा हा बंध मुळातच ढिला असतो. शारीरिक दगदग, मानसिक ताण, मासिक पाळी, एखादं किरकोळ आजारपण, यांतलं काहीही झटका सुरू व्हायला पुरतं. कित्येकदा तर कुठलंच कारण सापडत नाही.

इतकं त्रासदायक जनुक या समाजांत इतकं पसरलं कसं, याचं एक उत्तर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. प्लेगचा जीवाणू एका खास प्रथिनाच्या मदतीने पायरिनला गप्प करतो. एफएमएफचे बदल असलेलं पायरिन मात्र त्याला तितकंसं दाद देत नाही. म्हणजे एक सदोष प्रत बाळगणारी माणसं प्लेगच्या साथींतून तग धरून राहिली असावीत. त्यांच्या वंशजांना आज जो ताप सोसावा लागतो, त्यानेच कधीकाळी पूर्वजांना वाचवलं असेल, हे वाचल्यावर या आजाराकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

सांध्यांचे तीन निरनिराळे प्रश्न

एफएमएफच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना कधी ना कधी सांध्यांचा त्रास होतो. पण 'सांधे दुखतात' या एका वाक्याखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली म्हणजे झटक्याबरोबर येणारी सूज. एकच मोठा सांधा धरतो, बहुधा पायाचा: गुडघा, घोटा किंवा खुबा. फार चालणं झालं, खेळताना मार लागला की दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म फुगलेला. आतलं पाणी काढून तपासलं तर पांढऱ्या पेशींनी गढूळ झालेलं दिसतं, इतकं की सांध्यात पू झाला असावा असं वाटावं. मात्र जंतू वाढवून पाहण्याची तपासणी कोरी येते. काही दिवसांत, फार तर आठवडाभरात, सूज उतरते आणि सांधा पूर्ववत होतो. कूर्चा झिजत नाही, हाड खाल्लं जात नाही. दिसायला भयंकर वाटली तरी सांध्याच्या दृष्टीने ही सर्वांत निरुपद्रवी गोष्ट आहे.

दुसरी म्हणजे लांबलेला संधिदाह. महिना उलटून गेला तरी खुबा किंवा गुडघा सुजलेलाच. सुमारे ५ टक्के रुग्णांत हे होतं. इथे सांध्याचं खरोखर नुकसान होतं. खुब्याचं विशेषच, कारण तो सांधा खोलवर असतो, सूज डोळ्यांना दिसत नाही आणि रुग्ण फक्त लंगडताना दिसतो. खुब्याचा दाह वर्षानुवर्षं धुमसत राहिला तर तरुण वयात सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

तिसरी गोष्ट कण्याची, आणि हुकते ती हीच. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाला त्रिकास्थी नावाचं रुंद हाड असतं. डाव्या-उजव्या बाजूला ते श्रोणीच्या हाडांना जोडलेलं असतं. या दोन सांध्यांना सेक्रोइलियाक सांधे म्हणतात. ते जेमतेम हलतात, पण वरच्या धडाचं सगळं वजन त्यांच्यातूनच पायांकडे उतरतं. त्यांचा दाह म्हणजे सॅक्रोइलायटिस. तो वर सरकून मणक्यांपर्यंत गेला, किंवा टाचेसारख्या जागी, जिथे स्नायूबंध हाडाला चिकटतो तिथे, सूज आली की या सगळ्याला मिळून स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा त्याच कुटुंबातला सर्वपरिचित आजार.

१९९७ साली इस्रायलमधल्या तेल हाशोमेरच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या ३,००० एफएमएफ रुग्णांची नोंद तपासली. त्यांतल्या १६० जणांना दीर्घकाळ टिकणारा संधिदाह होता आणि ११ जणांना स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस. आकडा लहान वाटतो. पण पुढे तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी कंबरदुखीबद्दल मुद्दाम विचारायला आणि सेक्रोइलियाक सांध्यांचे फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा हे प्रमाण कितीतरी पट जास्त भरलं. काही पाहण्यांत शंभरात सात रुग्णांच्या आसपास. दोन देशांतल्या रुग्णांत फरक असेलही, पण विचारल्याशिवाय सापडत नाही हेही त्यामागचं मोठं कारण आहे असं माझं मत आहे.

ही कंबरदुखी ओळखायची कशी? तिची चाल उलटी असते. उचलण्या-वाकण्याने लचकलेली कंबर आडवं पडलं की बरी वाटते. दाहाची कंबर पडून राहिल्याने आखडते. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं. सकाळी कंबर मोकळी व्हायला अर्धा तास, कधी तासभर लागतो. दुखणं हळूहळू, महिन्यांच्या हिशोबाने सुरू झालेलं असतं आणि तेही चाळिशीच्या आत. कधी उजवा कुल्ला दुखतो, काही दिवसांनी डावा. ही बाजू बदलणारी कुल्ल्याची दुखणी हमखास मणक्याच्या नसेची समजली जातात, आणि रुग्ण महिनोन्महिने पट्टा बांधून विश्रांती घेत बसतो. या दाहाला नेमकी तीच मानवत नाही.

एचएलए-बी२७ या रक्ततपासणीबद्दल, म्हणजे पेशींवरची एक आनुवंशिक खूण शोधणाऱ्या तपासणीबद्दल, थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. नेहमीच्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये बहुसंख्य रुग्णांत ही खूण सापडते, म्हणून ती डॉक्टरांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. एफएमएफबरोबर येणाऱ्या कण्याच्या दाहात मात्र बहुतेक रुग्णांत ती नसते. तेल हाशोमेरच्या पाहणीनेही हेच दाखवलं होतं. त्यामुळे 'बी२७ निगेटिव्ह आहे, म्हणजे कण्याचा दाह नाही' हा निष्कर्ष इथे चक्क चुकीचा ठरतो. साध्या एक्स-रेचंही तसंच. त्यावर हाडाची झीज दिसेपर्यंत काही वर्षं गेलेली असतात. सुरुवातीचा दाह हाडाच्या आतल्या मगजात पाणी साचल्यासारखा असतो आणि तो एमआरआयवरच दिसतो. एमआरआय सांगताना 'कमरेच्या मणक्यांचा' एवढंच लिहून दिलं तर सेक्रोइलियाक सांधे नीट टिपले जात नाहीत. चिठ्ठीवर त्या सांध्यांचा वेगळा उल्लेख हवा.

आणखी एक खूण रक्तातच असते. झटक्यात सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे रक्तातून दाह मोजणाऱ्या दोन तपासण्यांचे आकडे, वाढणारच. पण दोन झटक्यांच्या मधल्या काळात, ताप नसताना, पोट शांत असताना सीआरपी चढलेलाच राहत असेल तर शरीरात कुठेतरी दाह चालू आहे. ती जागा सांधा असू शकते, कणा असू शकतो. म्हणून ही तपासणी बरं वाटत असतानाच करायची असते. बहुतेक जण ती झटक्यात करतात आणि मग तिच्यावरून काहीच कळत नाही.

एकाच माणसात हे दोन आजार का?

दोन आजार योगायोगाने एकत्र आले असं म्हणून सुटका होत नाही. कण्याचा दाह झालेल्या एफएमएफ रुग्णांमध्ये एम६९४व्ही हा बदल जास्त सापडतो. त्याहून बोलका पुरावा उलट बाजूने आला. तुर्कस्तानात ज्यांना फक्त अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, आयुष्यात एफएमएफचा झटका कधी आलेला नाही, अशा लोकांत हा बदल इतरांपेक्षा जास्त आढळला. २०१९ साली तुर्की आणि इराणी रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाची चाळणी करून केलेल्या मोठ्या अभ्यासाने तो संबंध पक्का केला. म्हणजे एमईएफव्हीचा हा बदल तापाला जसा कारण ठरतो, तसा कण्याच्या दाहालाही हातभार लावतो, आणि त्यासाठी एचएलए-बी२७ असावंच लागतं असं नाही.

जैविक वाट साधारण अशी सांगता येते. पायरिनमुळे वाढलेलं आयएल-१ बीटा टी पेशी नावाच्या काही पांढऱ्या पेशींना आयएल-१७ तयार करण्याकडे ढकलतं. कण्याच्या दाहात, विशेषतः स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतात त्या जागी, आयएल-१७ आणि टीएनएफ हे दाह पेटवणारे रेणू प्रमुख गुन्हेगार आहेत. एकदा तिथे दाह रुजला की तो झटक्यांच्या वेळापत्रकावर अवलंबून राहत नाही. त्याचं चक्र स्वतंत्रपणे फिरायला लागतं. उपचारांचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

एफएमएफचं मुख्य औषध कोल्चिसीन. १९७२ साली डॉ. स्टीफन गोल्डफिंगर यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला लिहिलेल्या छोट्या पत्रात, हे जुनं गाउटचं औषध रोज घेतल्याने झटके थांबतात असं कळवलं. ते का थांबतात हे कळायला चार दशकांहून जास्त काळ जावा लागला: कोल्चिसीन पेशीतल्या सूक्ष्म नलिका मोडतं, त्यातून सुटलेलं एक प्रथिन आरएचओएला चालू करतं आणि पायरिन पुन्हा जखडलं जातं. या गोळीचं खरं मोल तापापेक्षाही मोठं आहे. दाह वर्षानुवर्षं चालू राहिला की यकृत सीरम अमायलॉइड ए नावाचं प्रथिन भरमसाट तयार करतं. त्याचे तुकडे किडनीत साचतात आणि किडनी निकामी होते. याला अमायलॉइडोसिस म्हणतात. १९८६ साली १,०७० रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की सुरुवातीला लघवी स्वच्छ असलेल्या आणि कोल्चिसीन नियमित घेणाऱ्यांपैकी ११ वर्षांत १.७ टक्के लोकांच्या लघवीत प्रथिनं जाऊ लागली. न घेणाऱ्यांत ९ वर्षांतच हा आकडा ४८.९ टक्क्यांवर पोचला होता. म्हणून झटके थांबले की गोळी बंद करणाऱ्या प्रत्येकाला हे दोन आकडे सांगावेसे वाटतात.

आता कण्याकडे. कोल्चिसीन ताप थांबवतं, पोट शांत करतं, पण रुजलेल्या सॅक्रोइलायटिसवर ते एकटं सहसा पुरत नाही. इथे अनेक रुग्ण कोंडीत सापडतात. झटके बंद झालेले असल्यामुळे 'तुमचा आजार आटोक्यात आहे' असं त्यांना सांगितलं जातं, आणि कंबर मात्र रोज पहाटे उठवते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

कण्याच्या दाहावर पहिली पायरी म्हणजे स्टेरॉइड नसलेली दाहशामक औषधं आणि नियमित व्यायाम: पाठ ताणणं, पोहणं, खोल श्वास घेऊन छातीचा पिंजरा मोकळा ठेवणं. ज्यांच्या लघवीत आधीच प्रथिनं जातात त्यांनी ही वेदनाशामकं परस्पर घेऊ नयेत, कारण ती किडनीवर आणखी भार टाकतात. सल्फासालाझिन किंवा मेथोट्रेक्सेट गुडघ्या-घोट्यासारख्या सांध्यांना काही प्रमाणात उपयोगी पडतात; कण्यावर त्यांचा फारसा असर होत नाही. एवढ्याने भागलं नाही तर टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, एटानरसेप्ट, दिली जातात आणि कण्याच्या दुखण्यावर त्यांचा चांगला गुण येतो. ती सुरू करण्याआधी सुप्त क्षयरोगाची तपासणी करावीच लागते.

दुसरा गट आयएल-१ रोखणाऱ्या औषधांचा: अनाकिन्रा आणि कनाकिनुमॅब. कोल्चिसीनला दाद न देणाऱ्या एफएमएफमध्ये ती वापरली जातात; अमेरिकेत २०१६ साली कनाकिनुमॅबला एफएमएफसाठी मंजुरी मिळाली. झटके आणि लांबलेला संधिदाह यांच्यावर ही औषधं जोरकस आहेत. पण नेहमीच्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये आयएल-१ रोखून फारसं हाती लागलेलं नाही, हे लक्षात घेता ज्याचा मुख्य त्रास कणा आहे त्याला टीएनएफचा मार्ग आधी सुचवला जातो. ज्याचे झटके आणि सीआरपी आवरत नाहीत त्याला आयएल-१चा. दोन्ही असतील तर संधिवाततज्ज्ञाला तोल साधावा लागतो. आयएल-१७ रोखणारं सेक्युकिनुमॅबही काही रुग्णांत वापरलं गेलं आहे, पण एफएमएफमधला तो अनुभव अजून मोजक्या लोकांचा आहे. यांपैकी कुठलंही इंजेक्शन सुरू झालं तरी कोल्चिसीन सहसा चालूच ठेवतात, ते किडनीसाठी. कोल्चिसीन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं धोकादायक ठरतात. त्यांच्यामुळे कोल्चिसीनची रक्तातली पातळी विषारी होऊ शकते, म्हणून साध्या खोकल्याच्या डॉक्टरांनाही या गोळीबद्दल सांगायला हवं.

आवर्ती तापाच्या बाकीच्या आजारांत कण्याचा दाह क्वचितच दिसतो. त्रास असतो तो सांध्यांचा आणि स्नायूंचा. टीआरएपीएस या आजारात ताप आठवडाभर किंवा त्याहून जास्त चालतो आणि स्नायूंचं दुखणं हाता-पायांतून खाली सरकत जातं. या आजाराचं जनुक टीएनएफच्या ग्राहकाचं, म्हणजे टीएनएफ पेशीवर जिथे जोडला जातो त्या प्रथिनाचं, आहे, म्हणून टीएनएफ रोखणारं कुठलंही औषध चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात एटानरसेप्टचा थोडाफार उपयोग होतो आणि इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबने आजार उलट भडकू शकतो. ताप नेमका कुठल्या जनुकाचा, हे कळल्याशिवाय कंबरेवरचं औषधही निवडता येत नाही ते यामुळे. मेव्हॅलोनेट कायनेज या विकराच्या कमतरतेच्या आजारात ताप चार ते सात दिवसांचा असतो, मानेच्या गाठी सुजतात, मोठे सांधे दुखतात, आणि लहान मुलांत लसीनंतर झटका येण्याची खोड असते. एनएलआरपी३ जनुकाच्या सर्वांत तीव्र आजारात तान्ह्या वयापासून गुडघ्याच्या वाटीचं आणि मांडीच्या हाडाच्या टोकाचं हाड वेडंवाकडं वाढतं. अनाकिन्राने त्या मुलांचा ताप, पुरळ, मेंदूच्या आवरणाचा दाह विलक्षण सुधारतो. वाढलेलं हाड मात्र मागे जात नाही. म्हणून तिथे निदान जितकं लवकर तितकं बरं.

एफएमएफ स्थिर असलेल्या रुग्णालाही साधारण दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जावं लागतं. त्या भेटीत झटके किती आले हे विचारलं जातंच. झटका नसताना काढलेला सीआरपी, लघवीतली प्रथिनं आणि शक्य असेल तिथे सीरम अमायलॉइड ए यांची नोंद सोबत असावी. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी रुग्णाने आपणहून सांगावं: सकाळी कंबर मोकळी व्हायला किती वेळ लागतो, रात्री दुखण्याने जाग येते का, टाच दुखते का, खुब्यातून पाय फिरवताना अडतो का.